चोराला बर्फ कशाला?

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी सिस्टरने औषधांच्या खोलीतला छोटा फ्रिज उघडला आणि तो तसाच उघडा ठेवून ती स्टुलावर बसली. शनिवारी दुपारी वरच्या कप्प्यात एक पेटी उरली होती. आता कप्पा धुतल्या ताटासारखा मोकळा होता.

"काका," तिने हाक मारली. शेजारच्या खोलीत बसलेल्या भिंगकाकांना ती हाक उसाशासारखी ऐकू आली.

भिंगकाकांनी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली होती. आता ते आठवड्यातून दोनदा इथे येऊन साठा तपासून द्यायचे. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली मुदत वाचायला त्यांच्या खिशात कायम एक भिंग असायचं, त्यावरून हे नाव पडलं. कुठलीही वस्तू जागची हलली की काकांना डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं.

दवाखाना एचआयव्हीचा होता. रोजची गोळी घेणारे इथे पुष्कळ होते, पण दोन वर्षांपासून काही जणांना दोन महिन्यांतून एकदा दोन इंजेक्शनं मिळत होती, कमरेखाली दोन बाजूंना एकेक. औषध अंगात मुरून राहायचं आणि थेंबाथेंबाने पाझरत विषाणूला दाबून धरायचं. रोजची गोळी नाही, गोळीची डबी नाही, डबीसाठी जागा शोधणं नाही. फक्त ती पेटी फ्रिजमध्येच राहायला हवी. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही.

"कोणाची होती?" काकांनी विचारलं.

"एकशे बारा नंबरची. बाहेर येऊन बसल्यात त्या. ठरलेल्या तारखेच्या पुढे सात दिवस चालतात, काका. आज सातवा. नवा माल गुरुवारी येणार."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मोकळा कप्पा पाहिला, मग सिस्टरकडे पाहिलं. "किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, तुमच्याकडे आणि वॉचमनकडे."

"दवाखाना सहाला बंद होतो. तोवर सापडली नाही तर मला वर कळवावं लागेल. मी कोणावर आळ घेत नाहीये, पण नाव तुझंच लिहिलं जाईल."

सिस्टरने मान खाली घातली. काका मात्र खोलीभर फिरत होते. त्यांनी फ्रिजचा बर्फाचा कप्पा उघडला, टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि भिंग काढून स्टीलच्या ट्रॉलीवर धरलं. ट्रॉलीवर दोन चौकोनी डाग होते, पाणी वाळून राहतात तसे, एकाशेजारी एक.

"पोरी, निळी थंड पेटी कुठे आहे? खांद्याला अडकवून नेतेस ती?"

सिस्टरने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता.

"आणि बर्फाच्या विटा चार असायच्या. आता दोनच आहेत." काकांनी भिंग पुसलं. "औषध चोरलं, समजू शकतो. पण चोराला बर्फ कशाला?"

२

एकशे बारा नंबर म्हणजे घड्याळवाली. बाजाराच्या वळणावर तिचं हातभर दुकान होतं आणि वरच्या एका खोलीत ती सासूबरोबर राहायची. नवरा याच दुखण्याने गेला होता. सासूला सांगितलेलं कारण वेगळं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं खरं सांगितलं. "औषधात खंड पडू देणार नाही मी. पेटी नाहीच मिळाली, तर पुढची येईपर्यंत गोळ्या देते. जिवाला धोका नाही."

"गोळ्यांनी जीव वाचेल, बाई," घड्याळवाली म्हणाली. "घर नाही वाचायचं."

काका तिच्या शेजारच्या बाकावर टेकले. ती हसून त्यांना सांगू लागली, पण बोटं पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती. पूर्वी गोळ्यांची डबी ती दुरुस्तीला आलेल्या लंबकाच्या घड्याळात लपवायची. एकदा ती बाहेर गेली असताना सासूने तेच घड्याळ गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक तणतणत आलं, लंबक कशाला तरी अडकतोय म्हणून.

"तेव्हा सासूबाईंना दिसायचं कमी. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्या धावपळीतच माझी तारीख हुकली. आता त्यांना सेकंदकाट्यावरची धूळसुद्धा दिसते, काका. डबी कुठे लपवू?"

"कळलं तर काय करतील?"

"वन्संच्या शेजारणीला कळलं होतं तिच्या सुनेचं. अंथरूण जिन्यात टाकलं तिचं." तिने पिशवी बाजूला ठेवली. "इंजेक्शन सुरू झाल्यापासून मी मोकळी झोपते. काम करताना गाणी सुचतात. ऐकता?" आणि आवाज न वाढवता, बाकाच्या कडेवर ठेका धरत ती गुणगुणली,

"काट्यामागे चाले काटा, कधी सरे ना गं चाल,
दोन सुयांनी शिवली साठ दिवसांची शाल."

काकांनी ठेक्यावर मान डोलावली.

"पण तुमचं हे घड्याळ कसं हो असं?" तिने भिंतीकडे बोट केलं. "मागच्या वेळी मीच लावून दिलं होतं. आता बघा, पावणेतीन तास मागे आहे. नाही, जरा जास्तच."

काकांनी वर पाहिलं. ज्याच्या त्याच्या खिशात फोन, त्यामुळे भिंतीकडे बघतो कोण. "सेल संपत आले असतील."

"सेल नाहीत यात. हे जुनं, विजेवर चालणारं. वीज गेली की जागच्या जागी थांबतं, आली की तिथूनच पुढे चालू लागतं. आणि इतकं गुणी आहे, की एरवी मिनिटभर मागे पडायचं नाही. काका, या इमारतीतली वीज पावणेतीन तास गेली होती."

काका उठले ते थेट फ्रिजपाशी गेले. दारावरच्या थर्मामीटरवर चारचा आकडा होता, शहाण्या मुलासारखा. थर्मामीटरला एक छोटं बटण होतं. ते दाबलं की मागच्या दोन दिवसांतली सर्वांत जास्त तापमान दिसायचं. सकाळपासून रडारडीत ते कोणी दाबलंच नव्हतं.

काकांनी दाबलं. आकडा आला तेरा.

मागे उभ्या असलेल्या सिस्टरने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ती पेटी इथेच असती तर..."

"वाया गेली असती," काका म्हणाले. "आपण ज्याला सकाळपासून चोर म्हणतोय, त्याने ती चोरली नाही, पोरी. वाचवली."

३

वॉचमन फाटकाशी कान कोरत बसला होता. काकांना पाहून त्याने काडी खिशात टाकली.

"काल वीज गेली होती?"

"छे. या रस्त्यावर वीज कुठली जाते? विचारा कोणालाही."

"रस्त्यावरची नव्हतीच गेली. फक्त आपली. आणि तू इथे असतास तर तुला कळलं असतं."

"इथेच होतो की."

काकांनी भिंग काढलं आणि वॉचमनच्या सदऱ्याच्या खिशावर धरलं. "कालचाच सदरा दिसतोय. इस्त्री झकास आहे, पण खिशापाशी अर्धवट सोडलेली. कोणी इस्त्री अर्ध्यात सोडतं का? बंद पडली असेल तर गोष्ट वेगळी."

वॉचमनने खिशावर हात ठेवला. मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "काका, मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. केबिनमध्ये इस्त्री लावली, तर पटकन सगळं बंद पडलं. मला वाटलं, सगळीकडचीच गेली. उशीर होत होता. निघालो तसाच. अकरा वाजले होते. परत आलो तर सगळ्यांकडे वीज चालू, आपल्याकडेच बंद. बघतो तर केबिनमधला खटका खाली पडलेला. वर केला."

"तेव्हा किती वाजले होते?"

"दोनला दहा कमी."

दोन तास पन्नास मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाने खोटं सांगितलं नव्हतं.

"मुलगी पसंत पडली का?"

"पडली," वॉचमन म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "पण आता नोकरी जाते बघा माझी."

"ते नंतर. तू नव्हतास तेव्हा किल्ली कुठे होती?"

वॉचमनने मान खाली घालून शेजारी बोट केलं. दवाखान्याच्या भिंतीला लागून फुलांचं दुकान होतं. "दर रविवारी तिथेच ठेवून जातो. दुकानवाल्या ताईंच्या भावाकडे, धाकट्याकडे. भला माणूस आहे, कधी नाही म्हणत नाही. काल परत आलो तेव्हा तो नव्हता, ताईंनी दिली किल्ली."

फाटकातून निघण्याआधी काका सिस्टरकडे पुन्हा गेले. "एकच विचारतो. बर्फाच्या विटा काढल्या की तू त्या लगेच पेटीत घालतेस?"

"नाही, काका. औषध गोठून जाईल. आधी ट्रॉलीवर ठेवायच्या. त्यांना घाम फुटला, पाणी सुटलं, की पुसून मग पेटीत."

"बाहेरच्या कोणाला हे ठाऊक असेल?"

सिस्टरने विचार केला. "काही जणांना या दारातून आत यायला जड जातं. ओळखीचं कोणी बघेल म्हणून. त्यांच्यासाठी मी निळी पेटी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या दवाखान्यात जाते. त्यांच्यासमोर पेटी भरते, उघडते, आणि का ते समजावून सांगते. चार जण आहेत." ती थांबली. "नावं विचारू नका."

"विचारणारच नव्हतो," काका म्हणाले. पण त्यांची नजर फुलांच्या दुकानाकडच्या भिंतीकडे गेली. अगदी भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस या दारातून आत कसा येणार?

४

फुलांच्या दुकानात ताई गल्ल्यावर बसून देठ कापत होत्या. आईमागे त्यांनीच धाकट्या भावाला वाढवलं होतं. आता तो पस्तिशीला आला तरी रस्ता ओलांडताना त्या त्याला हाक मारायच्या. मागे उंच काचेचं थंड कपाट होतं. त्याच्या पुढ्यातच त्यांची खुर्ची. कोणाला कपाट उघडायचं तर आधी ताईंना उठवावं लागे.

धाकटा कोपऱ्यात गुच्छाला दोरा गुंडाळत होता. डोळे लाल, जागरणाचे.

वॉचमन काकांच्या मागोमाग आलाच होता. त्याने घाईघाईने विचारून टाकलं, "धाकट्या, काल किल्ली तुझ्याकडे होती. तू आत गेला होतास का?"

धाकट्याचा दोरा तुटला. त्याने ताईंकडे पाहिलं, वॉचमनकडे पाहिलं. "मी कशाला जाऊ तिथे?"

"तो कशाला जाईल तिथे?" ताई म्हणाल्या. "त्याला इथली कामं आवरत नाहीत. हे बघा काय करून ठेवलंय." त्यांनी कात्रीने बाहेरच्या टेबलाकडे खूण केली. टेबलावर ऑर्किडचे दांडे पाण्यात उभे होते, पाकळ्यांच्या कडा काळ्या पडलेल्या. "नाजूक जात, हिला थंडी सोसत नाही. म्हणून कपाट आम्ही बारावर ठेवतो. काल दुपारी याने एकदम चारवर आणलं. म्हणतो, गुलाबाची मोठी ऑर्डर आहे. कुठली ऑर्डर, कुठले गुलाब. निम्मा माल काळवंडला तेव्हा मीच उचलून बाहेर ठेवला."

काकांनी भिंग काढून एका पाकळीवर धरलं. काळ्या कडेच्या आत रंग अजून शाबूत होता. फुलं विकून पोट भरणारा माणूस आपल्याच हाताने आपली फुलं थंडीला देतो, तर त्या कपाटात फुलांहून मोलाचं काहीतरी असणार.

धाकटा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्या नजरेत एकच विनवणी होती, इथे नको.

आता बोलावं तर ताईंसमोर, वॉचमनसमोर सगळं उघडं पडणार. न बोलावं तर तिकडे बाकावर एक बाई पिशवीचा बंद पिळत बसलेली, आणि वाजलेत साडेतीन.

काकांनी घसा खाकरला.

५

"ताई, मी गुच्छ घ्यायला आलो होतो," ते म्हणाले. "आमच्या सिस्टरसाठी. सकाळपासून रडवेली झालीय पोर. गुलाबांचा द्या, चांगला मोठा. आणि उन्हाने कोमेजायला नको. कपाटात अगदी तळाशी, मागच्या बाजूला जे थंडगार असेल ना, त्यातूनच बांधा. एखाद्या पेटीत ठेवून दिलात तरी चालेल. धाकट्यालाच पाठवा, मागच्या दाराने. पुढे गर्दी आहे."

वॉचमन म्हणाला, "मी नेतो की."

"तू फाटक सांभाळ. काल नाही सांभाळलंस तेवढं पुरे."

ताईंनी कात्री खाली ठेवली. काकांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "धाकट्या, तू बांध गुच्छ. मी जरा चहा टाकते आत." जाता जाता त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.

दहा मिनिटांनी दवाखान्याच्या मागच्या दारावर टकटक झाली. दारात धाकटा उभा होता. हातात निळी पेटी, पेटीवर काचेच्या बरणीत गुलाबांचा भारा, आणि गुलाबांआडून जेमतेम दिसणारा चेहरा. काकांनी त्याला आत घेऊन दार लोटलं.

"तुमच्या फ्रिजची सेलवरची घंटी पी-पी करत होती," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून ऐकू आलं. किल्ली होती, म्हणून आलो. तेव्हा फ्रिज सातवर होता. खटका वॉचमनच्या केबिनमध्ये आणि केबिनला कुलूप. एकच पेटी होती आत. वर नंबर, माझा नव्हता. पण कोणाचा तरी दिवस आला असणार ना, काका."

"नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. शेजारी म्हणून उचलली, बस."

"काल ताईला एक थाप मारून बसलो होतो, गुलाबांची. मला एक धड मारता येत नाही. दुसरी मारायला गेलो असतो तर सगळंच बाहेर आलं असतं. ती विचारणार, तुला त्या पेटीतलं काय कळतं?" त्याने खाली पाहिलं. "पहाटेच वॉचमनकडून किल्ली मागून परत आणून ठेवणार होतो. पण ताई उजाडायच्या आत दुकानात येऊन खुर्ची टाकून बसली."

काकांनी निळी पेटी उघडली. आत औषधाची पेटी, आणि पेटीला दोऱ्याने बांधलेलं पुष्पगुच्छाचं एक कार्ड. त्यावर पेन्सिलीने ओळीखाली ओळ लिहिली होती. रविवार साडेबारा, सात. एक वाजता, सहा. दोन वाजता, साडेचार. पुढे दर दोन तासांनी आकडा, संध्याकाळी, रात्री, पहाटे, आज दुपारी दोनपर्यंत. एकही आकडा आठच्या वर नव्हता, एकही दोनच्या खाली नव्हता. मधल्या दोन ओळी वाकड्या गेल्या होत्या, पेंगत लिहिल्यासारख्या.

काकांनी भिंग काढलं, पण या वेळी ते जरा धूसर झालं होतं. सदऱ्याच्या टोकाने पुसावं लागलं.

"जा," ते म्हणाले. "तू गुच्छ द्यायला आला होतास. मी पेटी कुठून आणली ते मला कोणी विचारलं, तर म्हणेन, फ्रिज तापला तेव्हा एका शहाण्या माणसाने योग्य जागी ठेवली होती. यात खोटं काहीच नाही."

६

डॉक्टरीणबाईंनी कार्ड दोनदा वाचलं, थर्मामीटरच्या नोंदीशी ताडून पाहिलं, फोनवर कोणाशी तरी बोलून खात्री केली. मग त्यांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"इथे नावं विचारत नाहीत, बाई. तुम्हीच लावलेली शिस्त आहे."

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. वॉचमनला त्यांनी चार शब्द सुनावले आणि दर रविवारी अर्ध्या दिवसाची रीतसर सुटी दिली. केबिनमधला खटका बाहेर काढून लावायचं ठरलं.

सव्वापाच वाजता सिस्टरने घड्याळवालीला आत नेलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. "दुखलं?"

"दुखू दे. साठ दिवस एवढ्यात मिळतात."

बाहेर येऊन ती बाकावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ दोन तास पन्नास मिनिटं पुढे केलं. खाली उतरून काकांसमोर उभी राहिली. "ज्याने ठेवली त्याचे आभार मानायचेत मला."

"मी पोचवतो."

"आभार असे दुसऱ्याच्या हाती पाठवायचे असतात का?"

गुच्छ आणलेली काचेची बरणी परत द्यायची होती, ती उचलून काका तिच्याबरोबर बाहेर पडले.

फुलांच्या दुकानापाशी ती थांबली. तिची नजर ताज्या गुलाबांवरून सरकून कडेच्या टेबलावर गेली. "ही ऑर्किड केवढ्याला?"

"ती विकायची नाहीत," धाकटा म्हणाला. "थंडीने काळवंडलीत."

"तरी उभी आहेत की. हीच द्या मला. दुकानात एक लंबकाचं घड्याळ आहे, आतून रिकामं. त्यात ठेवीन."

त्याने दांडे निवडले, काळ्या कडा हलक्या हाताने खुडल्या, कागदात गुंडाळून दिले. तिने पिशवीत हात घातला तसं त्याने मान हलवली. आतून ताईंचा आवाज आला, "घेऊ नकोस रे काही. जाऊ देत तिच्याबरोबर."

घड्याळवाली क्षणभर घुटमळली. "एक सांगू का दादा? आज मला एका माणसाचे आभार मानायचे होते. तो कोण ते कोणी सांगत नाही. घरी तर नेता येत नाहीत ते. तुम्ही फुलं दिलीत, तर तुम्हीच घ्याल का त्याच्या वाटचे?"

काका बरणीवरचा एक नसलेला डाग भिंगातून निरखत उभे होते. मान वर करायचा त्यांना धीर झाला नाही.

धाकट्याने ओले हात फडक्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग दोन्ही हात जोडले.

"घेतले," तो म्हणाला.